आज कोण उभं राहतंय?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कुठल्याही नाट्यगृहात शिरलं की प्रेक्षकाच्या हातात एक पुस्तिका पडते. तिचं नाव प्लेबिल. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. बहुतेक लोक ती मांडीवर ठेवून पडदा वर जायची वाट बघत बसतात. संगीत नाटकांचा मुरलेला चाहता मात्र बसण्याआधीच तिची पानं चाळतो. आत एखादी सुटी चिठ्ठी आहे का, हे त्याला बघायचं असतं. आजच्या प्रयोगात अमुक भूमिका नेहमीच्या नटाऐवजी तमुक नट करणार आहे, एवढंच त्या कागदावर छापलेलं असतं. मोठं नाव बघून ज्याने तिकीट काढलं, त्याचा चेहरा ती चिठ्ठी बघून उतरतो. चाहत्यांच्या गप्पांना मात्र तिथूनच तोंड फुटतं.

‘आज कोण उभं राहतंय?’ हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला पहिला प्रश्न. बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. कुठल्या रांगेतून रंगमंचाची डावी बाजू झाकली जाते? तिकिटाची लॉटरी लागली का कुणाला? नव्या नटीने दुसऱ्या अंकातला तो वरचा सूर कसा घेतला? कुठलं नाटक बंद पडायच्या बेतात आहे? नव्या संचाची ध्वनिमुद्रिका निघणार की नाही? बाहेरच्या माणसाला हे सगळं वायफळ वाटेल. पण संगीत नाटकाचा प्रयोग एका रात्रीत संपतो आणि पुन्हा तसाच्या तसा कधीच होत नाही. अशा कलेची आठवण सांभाळतं कोण, असं विचारलं की याच गप्पांपाशी यावं लागतं. ब्रॉडवेचा इतिहास समीक्षकांनी लिहिला तसा तो या नाटकवेड्यांनी बोलून ठेवला आहे. काही नाटकं तर त्यांच्या बोलण्यामुळेच दुसऱ्यांदा उभी राहिली.

चिठ्ठीवरची नावं

ब्रॉडवेवर एका नाटकाचे आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात. तीच माणसं, तीच गाणी, तीच पावलं, आठ वेळा. आवाज बसतो, घोटा मुरगळतो, घरी कुणी आजारी पडतं. खेळ रद्द करणं परवडत नाही, म्हणून प्रत्येक नाटकामागे बदली कलाकारांची फळी तयार असते आणि तिच्यातली उतरंड चाहत्यांना तोंडपाठ असते. ‘अंडरस्टडी’ बहुधा रोज समूहात नाचतो-गातो आणि वेळ आली की मोठी भूमिका करतो. ‘स्टँडबाय’ एरवी रंगमंचावर येत नाही; बोलावणं आलं तर तयार असणं हेच त्याचं काम. ‘ऑल्टरनेट’चे प्रयोग ठरलेले असतात. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मध्ये नायिका ख्रिस्तीनची भूमिका आठवड्यातले दोन प्रयोग दुसरी गायिका करत असे, कारण त्या भूमिकेचं गाणं एका गळ्याला आठ वेळा झेपणारं नव्हतं.

चाहत्यांना सगळ्यात जास्त आदर वाटतो तो ‘स्विंग’बद्दल. समूहातल्या अनेक जणांच्या जागा या एका माणसाला पाठ असतात. कोण कुठल्या विंगेतून येतं, कुठली खुर्ची उचलतं, कुठल्या मात्रेवर वळतं, कुणाचा हात धरतं, हे सगळं प्रत्येक जागेसाठी वेगळं. सकाळी उठताना त्याला ठाऊक नसतं की आज आपण कोण असणार आहोत.

डिसेंबर २०२१मध्ये ही फळी जगाच्या नजरेत आली. करोनामुळे १२ मार्च २०२० रोजी बंद झालेली ब्रॉडवेची नाट्यगृहं दीड वर्षाने उघडली होती आणि ओमिक्रॉनच्या लाटेत पुन्हा एकेका नाटकाचे कलाकार आजारी पडत होते. विंटर गार्डन नाट्यगृहात ‘द म्युझिक मॅन’चे पूर्वप्रयोग नुकतेच सुरू झाले होते. ह्यू जॅकमन आणि सटन फॉस्टर ही दोन मोठी नावं. नाताळच्या दोन दिवस आधी फॉस्टरची चाचणी पॉझिटिव्ह आली. कॅथी व्हॉयटको ही त्या नाटकातली स्विंग. तिच्यावर आठ वेगवेगळ्या जागांची जबाबदारी होती. आज नायिका तूच, हे तिला त्याच दुपारी कळलं आणि काही तासांच्या तालमीवर तिने त्या रात्रीचा प्रयोग पार पाडला. प्रयोग संपल्यावर जॅकमनने टाळ्या थांबवून तिला पुढे आणलं, सगळ्या स्विंगना रंगमंचावर बोलावलं आणि ब्रॉडवे यांच्या जिवावर उभा आहे, असं सांगितलं. प्रेक्षागृहातून टिपलेलं ते छोटं चित्रण जगभर फिरलं. चाहते ही गोष्ट कितीतरी वर्षं आपापसांत बोलत आले होते. त्या रात्री ती रंगमंचावरून बोलली गेली.

अशा गोष्टींचा त्यांच्याकडे मोठा साठा आहे. जुलै २०१५मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मुलींना घेऊन ‘हॅमिल्टन’ पाहायला आले, तेव्हा नाटककार आणि नायक लिन-मॅन्युएल मिरांडा रंगमंचावर नव्हता; त्याचा ऑल्टरनेट हाविएर मुन्योस नायक म्हणून उभा होता. जानेवारी २००५मध्ये ‘विकेड’च्या हिरव्या चेटकिणीचं, एल्फाबाचं काम करणारी इदिना मेंझेल आपल्या शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगमंचावरच्या चोरदरवाजातून खाली पडली आणि तिच्या बरगडीला इजा झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी शोशाना बीन उभी राहिली. पण शेवटच्या प्रवेशात मेंझेल चेटकिणीचा वेश आणि हिरवा रंग न चढवता लाल ट्रॅकसूटमध्येच रंगमंचावर आली आणि प्रेक्षागृहाने बराच वेळ टाळ्या थांबवल्या नाहीत. ‘लाल ट्रॅकसूट’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी चाहत्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही.

या बोलण्याला कडवट बाजूही आहे. २०२२मध्ये ‘फनी गर्ल’ ब्रॉडवेवर पुन्हा आलं तेव्हा नायिका बीनी फेल्डस्टीनच्या आवाजाबद्दल जे बोललं गेलं, त्यातला बराच भाग टीकेच्या पलीकडे जाऊन छळाच्या जवळ पोचला होता. जुलैअखेर तिने नाटक सोडलं आणि सप्टेंबरमध्ये तिच्या जागी लिया मिशेल आली. मधला ऑगस्ट महिना ज्युली बेन्कोने सांभाळला. ती तोवर बदली कलाकार होती. तिची तयारी चाहत्यांनी सगळ्यात आधी हेरली होती आणि इतरांना बोलावून बोलावून दाखवली होती. पुढे लिया मिशेल आल्यावरही दर गुरुवारचा प्रयोग बेन्कोचा ठरला आणि ‘गुरुवारचंच तिकीट काढा’ असं सांगणारे चाहते निघाले. तीच माणसं, तेच नाटक, तोच उन्हाळा. एका नटीला त्यांनी दुखावलं आणि दुसरीला हात दिला. चाहत्यांबद्दल बोलताना यातली एकच बाजू सांगून चालत नाही.

वीस डॉलरची रांग

तिकीट हा ब्रॉडवेच्या गप्पांमधला कधी न आटणारा विषय. २०१८-१९ या करोनापूर्व हंगामात ब्रॉडवेवर सुमारे १ कोटी ४८ लाख प्रेक्षक आले आणि १८३ कोटी डॉलरची तिकिटं खपली. म्हणजे एका तिकिटाला सरासरी १२० डॉलरहून जास्त पडले. गाजणाऱ्या नाटकाची चांगली जागा याच्या कितीतरी पट महाग. विद्यार्थी, वेटरचं काम करणारे होतकरू नट, लहान शहरातून बस पकडून आलेली मुलं यांना हे कसं परवडणार?

या प्रश्नाचं एक उत्तर १९९६मध्ये ‘रेंट’ने दिलं. जोनाथन लार्सनने पुचिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरावरून बेतलेलं हे नाटक न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या कफल्लक कलावंतांचं, एड्सच्या सावलीत जगणाऱ्या तरुणांचं. लार्सन स्वतः वेटरचं काम करून लिहीत होता. २५ जानेवारी १९९६ रोजी, ऑफ-ब्रॉडवेवरच्या, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या नाट्यगृहातल्या, पहिल्या पूर्वप्रयोगाच्या दिवशी पहाटे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो महाधमनी फाटून गेला. नाटक तीन महिन्यांच्या आत ब्रॉडवेवर नेडरलँडर नाट्यगृहात पोचलं, त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि निर्मात्यांपुढे पेच उभा राहिला. ज्यांच्याबद्दल हे नाटक आहे, त्यांनाच ते बघायला परवडत नसेल तर काय उपयोग? त्यांनी पहिल्या दोन रांगा वीस-वीस डॉलरला विकायला काढल्या. ही तिकिटं त्याच दिवशी, नाट्यगृहावर, रांगेत उभं राहणाऱ्यालाच.

४१व्या रस्त्यावर रात्रभराची रांग लागू लागली. गोधड्या, थर्मास, गिटार घेऊन मुलं फुटपाथवर झोपू लागली. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटू लागली आणि त्यांना ‘रेंटहेड’ असं नाव पडलं. कुणी कितव्यांदा पाहिलं, कालच्या प्रयोगात कुठला शब्द बदलला, कोणत्या नटाने कुठल्या ओळीला नवा श्वास घेतला, याची देवाणघेवाण त्या रांगेत व्हायची. पुढे रात्रभर फुटपाथवर झोपणं धोक्याचं ठरू लागलं, तेव्हा १९९७मध्ये रांगेच्या जागी चिठ्ठ्या टाकून सोडत काढायला सुरुवात झाली. आज ब्रॉडवेवर जवळपास प्रत्येक नाटकाची जी लॉटरी असते, तिचं मूळ इथे आहे. ‘रेंट’ सप्टेंबर २००८पर्यंत चाललं. एकूण ५,१२३ प्रयोग झाले.

‘रेंट’च्या निर्मात्यांपैकी जेफ्री सेलरच पुढे ‘हॅमिल्टन’चा निर्माता झाला आणि लॉटरीची प्रथाही तिथे आली. तिकीट दहा डॉलरचं, कारण दहा डॉलरच्या नोटेवर अलेक्झांडर हॅमिल्टनचाच चेहरा आहे. पुढच्या रांगेतल्या २१ जागा. त्यांच्यासाठी रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहाबाहेर शेकडो लोक जमायचे. आलेल्यांतले बहुतेक रिकाम्या हातानेच परतणार हे मिरांडाला दिसत होतं. म्हणून सोडतीआधी तो आणि त्याचे सहकारी फुटपाथवरच काही मिनिटांचा कार्यक्रम करू लागले. कधी दुसऱ्या नाटकातले कलाकार येऊन गायचे, कधी नट भूमिका अदलाबदल करून दाखवायचे. ‘हॅम फॉर हॅम’ या नावाने हे छोटे कार्यक्रम इतके गाजले की गर्दीने रस्ता अडू लागला. हिवाळ्यात सोडत संगणकावर गेली. आता मोबाइलवर एक बटण दाबलं की नाव नोंदलं जातं. सोय झाली हे खरंच. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला, नोकरी करणाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला तिचा उपयोग झाला. पण थंडीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी ओळख व्हायची ती जागा आकसली, अशी हळहळ जुने रेंटहेड अजूनही बोलून दाखवतात.

न पाहिलेलं नाटक तोंडपाठ

ब्रॉडवेपासून हजारो मैलांवर राहणाऱ्या चाहत्याकडे नाटक पोचतं ते कानातून. मार्च १९४३मध्ये ‘ओक्लाहोमा!’ आलं आणि डेक्का कंपनीने मूळ संच, मूळ वाद्यवृंद घेऊन त्यातली गाणी सहा तबकड्यांच्या संचात बाजारात आणली. त्या संचाच्या यशानंतर ‘कास्ट रेकॉर्डिंग’ हा ब्रॉडवेचा रिवाज झाला. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार मुद्रणाच्या एका दिवसासाठी नटाला आठवड्याचा पगार द्यावा लागतो, म्हणून पूर्ण नाटकाची गाणी बहुधा एकाच दिवसात उरकली जातात. सकाळी सुरू झालेलं काम कधी कधी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत लांबत असे. १९७०मध्ये स्टीफन सॉन्डहाइमच्या ‘कंपनी’च्या मुद्रणाचं चित्रीकरण डी. ए. पेनेबेकरने केलं. त्यात एलेन स्ट्रिच पहाटेच्या सुमारास आपलं गाणं पुन्हा पुन्हा घेते, आवाज साथ देत नाही आणि ती स्वतःवरच चिडते. नंतर ताज्या गळ्याने परत येऊन तिने तेच गाणं दणक्यात दिलं. हा माहितीपट चाहत्यांच्या घरात पाठ असतो, कारण ज्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते वाढले त्यांच्या मागचे कष्ट त्यात दिसतात.

कानाने जपलेल्या नाटकाचं सगळ्यात मोठं उदाहरण सॉन्डहाइमचंच आहे. नोव्हेंबर १९८१मध्ये त्याचं ‘मेरिली वुई रोल अलाँग’ आलं. दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स. तीन मित्रांची गोष्ट, पण उलटी सांगितलेली: विटलेल्या चाळिशीपासून मागे मागे जात स्वप्नाळू विशीपर्यंत. भूमिका करणारे सगळे तरुण, जेमतेम विशीतले. कोण कोणाचा कोण हे प्रेक्षकांना कळेना म्हणून पात्रांच्या छातीवर नावं छापलेले स्वेटशर्ट चढवले गेले. पूर्वप्रयोगांत लोक मध्यंतरातच उठून जायचे. अधिकृत उद्घाटनानंतर सोळा प्रयोगांत नाटक बंद पडलं आणि सॉन्डहाइम-प्रिन्स या जोडीचं एकत्र कामही बरीच वर्षं थांबलं. पण नाटक बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच डोळे सुजलेली मुलं स्टुडिओत गेली आणि सगळी गाणी मुद्रित करून आली.

ती ध्वनिमुद्रिका नसती तर ‘मेरिली’ आज कुणाला आठवलं नसतं. नाटक न पाहिलेल्या माणसांनी ती वर्षानुवर्षं ऐकली, गाण्यांचा क्रम लावून गोष्ट मनात उभी केली, आणि हे पडेल नाटक मुळात पडेल नव्हतंच, असा वाद जिथे भेटतील तिथे घातला. लेखकांनी संहिता दुरुस्त केली, छोट्या संस्थांनी प्रयोग केले. मारिया फ्रीडमनने २०१२मध्ये लंडनला बसवलेलं रूप पुढे न्यूयॉर्कला आलं आणि २०२३च्या शरद ऋतूत ब्रॉडवेवर हडसन नाट्यगृहात उभं राहिलं. जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ आणि लिंडसे मेंडेझ हे तीन मित्र. तिकिटं मिळेनाशी झाली. २०२४मध्ये नाटकाला चार टोनी पुरस्कार मिळाले. सॉन्डहाइम हे बघायला नव्हता. नोव्हेंबर २०२१मध्ये तो गेला होता. सोळा प्रयोगांचं अपयश ते चार टोनी, यात त्रेचाळीस वर्षं गेली. तेवढा काळ हे नाटक तिकीटबारीने जगवलं नाही. ते ऐकणाऱ्यांनी आणि त्याबद्दल बोलणाऱ्यांनी जगवलं.

‘कॅरी’च्या वाट्याला तेवढंही आलं नाही. स्टीफन किंगच्या कादंबरीवरचं हे नाटक मे १९८८मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि उद्घाटनानंतर पाच प्रयोगांत गुंडाळलं गेलं. त्या काळी सुमारे ऐंशी लाख डॉलर बुडाले. ध्वनिमुद्रिका निघालीच नाही. पण प्रेक्षकांतल्या कुणीकुणी चोरून केलेलं ध्वनिमुद्रण हातोहात फिरलं. कॅसेटवरून कॅसेट उतरवल्या गेल्या. अपयशी संगीत नाटकांवरच्या केन मँडेलबॉमच्या पुस्तकाच्या शीर्षकातही ‘कॅरी’च आहे. शेवटी २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या एमसीसी थिएटरने लेखकांकडून नाटक नव्याने लिहवून घेतलं आणि अधिकृत ध्वनिमुद्रिका आली. चोवीस वर्षं ‘कॅरी’ टिकलं ते बेकायदा मुद्रणांवर.

चोरून टिपलेलं

आणि इथे चाहत्यांमधला सगळ्यात जुना वाद येतो. प्रयोग चोरून चित्रित करावा का? नियम स्पष्ट आहे: प्रेक्षागृहात चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, छायाचित्रण मना. लेखक, संगीतकार, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, नट, वादक या सगळ्यांचा त्यात हक्क गुंतलेला असतो. शिवाय अंधारात पेटलेला पडदा नटाचं लक्ष विचलित करतो. जानेवारी २००९मध्ये ‘जिप्सी’ या नाटकाच्या शेवटच्या मोठ्या गाण्यात नायिका पॅटी लुपोनने वाद्यवृंद थांबवला आणि फोटो काढणाऱ्या प्रेक्षकाला भर नाट्यगृहात सुनावलं. तो क्षण आज सगळ्यांना ठाऊक आहे, कारण दुसऱ्या कुणीतरी तो चोरूनच ध्वनिमुद्रित केला होता. पॅटी लुपोनची बाजू घेणारे चाहतेही तेच मुद्रण एकमेकांना ऐकवतात.

चोरट्या चित्रीकरणाची बाजू घेणारे वाईट हेतूने बोलतात असं नाही. न्यूयॉर्कला येण्याची ऐपत नसलेल्या, अपंगत्वामुळे प्रवास न करू शकणाऱ्या, दुसऱ्या खंडात राहणाऱ्या माणसाने काय करायचं, हा त्यांचा सवाल. त्यांच्यातही अलिखित संकेत असतात. विकायचं नाही, अदलाबदल करायची; नाटक चालू असेपर्यंत उघडपणे टाकायचं नाही; तिकीट काढता येत असेल तर आधी तिकीट काढायचं. विरोधकांचं म्हणणं असं की कॅमेऱ्यासाठी न बनवलेली कला कॅमेऱ्यात बघून तिच्याबद्दल मत बनवणं हा कलाकारावर अन्याय आहे. दोन्ही बाजू नाटकावर जीव टाकणाऱ्या आहेत, म्हणून हा वाद कधी मिटत नाही.

गाण्यातून नाटक

पूर्वी नाटक आधी आणि बोलणं मागून असं होतं. गेल्या दहा वर्षांत हा क्रम काही वेळा उलटला. २०१५मध्ये न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी टू रिव्हर थिएटरमध्ये ‘बी मोअर चिल’ नावाचं नाटक झालं. संगीत जो आयकोनिसचं. मोठ्या वर्तमानपत्राचं परीक्षण प्रतिकूल आलं, पुढचे प्रयोग लागले नाहीत, फक्त एक ध्वनिमुद्रिका निघाली. दोन वर्षांनी शाळकरी मुलामुलींना ती सापडली. शाळेत एकटं पडलेल्या मुलाची गोष्ट त्यांना आपली वाटली. त्यांनी चित्रं काढली, गाणी स्वतः गाऊन टाकली, पात्रांवरून तासन्‌तास वाद घातले. ऐकणाऱ्यांचा आकडा दहा कोटींच्या वर गेला. ज्या नाटकाचा एकही प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला नव्हता, त्याचे लाखो चाहते झाले. निर्मात्यांना दखल घ्यावी लागली. २०१८मध्ये ऑफ-ब्रॉडवे आणि मार्च २०१९मध्ये लायसियम नाट्यगृहात ब्रॉडवे असा त्याचा प्रवास झाला. तिथे ते ऑगस्टपर्यंतच चाललं. गाणी ऐकणारी पोरं सगळीच न्यूयॉर्कचं तिकीट काढू शकत नव्हती.

करोनाच्या टाळेबंदीत याच्या पुढची गोष्ट घडली. ‘रॅटाटूई’ या चित्रपटातल्या स्वयंपाकी उंदरावर एका शिक्षिकेने काही सेकंदांचं स्तुतिगीत रचून टिकटॉकवर टाकलं. कुणी त्याला ब्रॉडवेच्या थाटाचा वाद्यवृंद जोडला, कुणी नेपथ्याची छोटी प्रतिकृती बनवली, कुणी नृत्य बसवलं, कुणी प्लेबिलचं मुखपृष्ठ रंगवलं. घरात अडकलेल्या माणसांनी मिळून एक नाटक रचलं. १ जानेवारी २०२१ रोजी व्यावसायिक नटांना घेऊन त्याचा ऑनलाइन प्रयोग झाला आणि बेकार झालेल्या रंगकर्मींच्या मदतनिधीसाठी वीस लाख डॉलर जमले.

बंदची सूचना

ब्रॉडवेवर प्रत्येक नाटकाची आठवड्याची कमाई निर्मात्यांची संघटना जाहीर करते. किती प्रयोग, किती जागा भरल्या, सरासरी तिकीट किती. चाहते हे आकडे बारकाईने वाचतात. दोन आठवडे जागा सत्तर टक्क्यांखाली गेल्या की नाटकाचं काही खरं नाही, अशी कुजबुज सुरू होते आणि बंदची सूचना लागण्याआधीच निरोपाची तिकिटं काढली जातात.

२६ जानेवारी १९८८ रोजी मॅजेस्टिक नाट्यगृहात सुरू झालेलं ‘फँटम’ बंद होणार, ही बातमी सप्टेंबर २०२२मध्ये आली, तेव्हा मात्र कुणाचाच विश्वास बसेना. शेवटचा प्रयोग १८ फेब्रुवारीला ठरला होता. निरोप घ्यायला लोकांची एवढी झुंबड उडाली की तो आठ आठवडे पुढे ढकलावा लागला. १६ एप्रिल २०२३ रोजी १३,९८१वा प्रयोग होऊन पडदा पडला. ब्रॉडवेच्या इतिहासात एवढे प्रयोग कुठल्याही नाटकाचे झालेले नाहीत. चाहत्यांचं दुःख नाटकातल्या प्रसिद्ध झुंबरासाठी होतं तेवढंच वाद्यवृंदासाठीही होतं. ब्रॉडवेवर ‘फँटम’साठी सत्तावीस वादक बसत. लंडनमध्ये करोनानंतर २०२१ला नाटक पुन्हा उघडलं ते चौदा वादकांवर. जाहिरातीत हा फरक सांगितला जात नव्हता. चाहते तो सांगत होते. कुठला बासरीचा तुकडा आता की-बोर्डवर वाजतो, कुठल्या जागी तंतुवाद्यं पातळ वाटतात, हे त्यांनी ऐकून ऐकून टिपलं होतं. वादकांच्या नोकऱ्यांसाठी तेवढ्या चिकाटीने बोलणारा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या कलेला क्वचितच लाभला असेल.

मार्च २०२५मध्ये हेच नाटक मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात आलं. ज्यांनी त्याची गाणी कॅसेटवर ऐकली होती, अशा इथल्या अनेकांना ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघता आलं. मराठी माणसाला या वेडाचं नवल वाटायचं कारण नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला: गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. पण कुणाचं पद जास्त रंगलं, याचा वाद ज्यांनी तो प्रयोग पाहिलाच नाही त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचला. आज त्या प्रयोगाबद्दल जे काही माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं बोलण्यातून आलेलं आहे.

न्यूयॉर्कमध्ये निदान यावर उपाय झाला आहे. लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात बेटी कॉर्विन यांनी १९७०मध्ये रंगभूमीच्या चित्रीकरणांचा संग्रह सुरू केला. तिथे हजारो प्रयोग रीतसर परवानगीने चित्रित करून ठेवलेले आहेत. पण ते अभ्यासासाठी, तिथेच बसून बघायचे. घरी नेता येत नाहीत, दुसऱ्या शहरात मागवता येत नाहीत. चाहत्यांची मागणी साधी आहे. नाटक बंद झाल्यावर ही चित्रीकरणं पैसे घेऊन सर्वांना दाखवा. लेखक, नट, वादक यांना त्यातला वाटा द्या. म्हणजे चोरट्या कॅमेऱ्याची गरजच उरणार नाही. ती मागणी रास्त आहे. करार नव्याने करावे लागतील, संघटनांना समजावून सांगावं लागेल, पण अशक्य काहीच नाही. घरबसल्या नाटक दिसलं तर नाट्यगृहात कोण येईल, ही निर्मात्यांची भीती तर आकड्यांनीच खोटी पाडली आहे. ‘हॅमिल्टन’चं चित्रीकरण ३ जुलै २०२० रोजी जगभर घराघरांत पोचलं. पुढे ब्रॉडवे उघडल्यावर ते नाटक त्याच रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५मध्ये त्याने तिथे दहावं वर्ष पूर्ण केलं.